एचआयव्ही, आफ्रिका आणि कर्करोग: थोडी दुरुस्ती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जागतिक कर्करोग दिनानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत आफ्रिकेतील एचआयव्हीची साथ आणि तेथील कर्करोग यांच्या संबंधावर आलेला लेख वाचला. मराठी वृत्तपत्रांतून आफ्रिका सहसा क्रिकेटच्या दौऱ्यात किंवा दुष्काळाच्या बातमीतच भेटते, त्यामुळे या विषयाला पाऊण पान दिल्याबद्दल आपले मनापासून आभार. तथापि लेख वाचून सामान्य वाचकाचे दोन समज होतील. एक म्हणजे एचआयव्हीचा विषाणू शरीरात शिरला की तोच पुढे कर्करोग उत्पन्न करतो, आणि दुसरा म्हणजे हा विषाणू आफ्रिकेत फार पसरल्यामुळे तेथे सगळेच कर्करोग वाढले. मी सोलापुरात तीस वर्षांहून अधिक काळ विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) शिकवले, आयुष्याचा मोठा भाग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढला, आणि त्या अधिकाराने नाही तरी त्या सवयीने सांगतो की हे दोन्ही समज वस्तुस्थितीला धरून नाहीत.

लेखासोबतच्या चौकटीत युगांडाची राजधानी कंपाला येथील एक आकडा दिला आहे: १९८९ ते १९९१ या काळात तेथील पुरुषांमध्ये आढळलेल्या कर्करोगांपैकी जवळपास निम्मे 'कापोसी सार्कोमा' या एकाच प्रकारचे होते. आकडा बरोबर आहे. पण तो कोठून आला हे समजल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. कंपालाच्या मकेरेरे वैद्यकीय महाविद्यालयात १९५० च्या दशकात कर्करोगाची नोंदवही सुरू झाली आणि शहर व भोवतालचा क्यादोंदो परगणा एवढ्या निश्चित लोकसंख्येतील रुग्ण त्यात टिपले जाऊ लागले. आपल्याकडे मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू होण्याच्याही आधीची ही गोष्ट आहे. त्या जुन्या नोंदींत कापोसी सार्कोमा आहेच. व्हिएन्नातील त्वचारोगतज्ज्ञ मोरिट्झ कापोसी यांनी १८७२ मध्ये वर्णन केलेला हा रोग युरोपात दुर्मीळ असला, तरी युगांडा आणि पूर्व काँगो या पट्ट्यात एचआयव्हीचे नावही कोणी ऐकलेले नव्हते तेव्हापासून पुरुषांच्या नेहमीच्या कर्करोगांत गणला जात होता. प्रौढ पुरुषाच्या पायावर जांभळट गाठी उठत, त्या वर्षानुवर्षे संथ गतीने वाढत, आणि रुग्ण बहुधा दुसऱ्याच कशाने तरी दगावत असे.

त्या काळचे कंपाला हे कर्करोगाच्या अभ्यासातील आघाडीचे ठिकाण होते, हे आज सांगितले तर आश्चर्य वाटेल. मुलागो रुग्णालयातील शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी लहान मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या एका गाठीचे वर्णन १९५८ मध्ये प्रसिद्ध केले, त्या गाठीच्या पेशींतून १९६४ मध्ये एपस्टाइन-बार विषाणू सापडला, आणि माणसात कर्करोगाशी जोडला गेलेला तो पहिला विषाणू ठरला. १९६७ मध्ये तेथे युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिचे पहिले संचालक जॉन झिग्लर पुढे अमेरिकेत परतले आणि १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून त्यांनीच एड्सच्या सावटाखालील समलिंगी पुरुषांत उद्भवणाऱ्या लिंफोमांवर, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगांवर, गाजलेला शोधनिबंध लिहिला. कंपालात ज्या रोगांवर त्यांचा हात बसला होता तेच रोग त्यांना दुसऱ्या खंडात, दुसऱ्या रूपात भेटले.

यानंतर मात्र नोंदवहीत एक खिंडार आहे. हुकूमशहा इदी अमीन यांच्या राजवटीत आणि तिच्यानंतरच्या अराजकात विद्यापीठ खिळखिळे झाले आणि १९८० च्या सुमारास नोंदणी बंद पडली. १९८२ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या राकाई जिल्ह्यात युगांडातील एड्सचे पहिले रुग्ण ओळखले गेले. नोंदणी पुन्हा उभी राहिली ती १९८९ मध्ये. म्हणजे साथ आली, पसरली आणि शहराच्या घराघरांत शिरली ती सगळी वर्षे नोंदवहीची पाने कोरी आहेत, आणि पाने पुन्हा भरू लागली तेव्हा पूर्वी नेहमीच्या कर्करोगांपैकी केवळ एक असलेला कापोसी सार्कोमा पुरुषांत पहिल्या क्रमांकावर आणि स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर येऊन बसलेला होता. मधल्या काळाचा अंदाज इतर ठिकाणांवरून बांधावा लागतो. झांबियातील लुसाकाच्या शिक्षण रुग्णालयातील शल्यचिकित्सक अ‍ॅन बेली यांच्या लक्षात १९८३ मध्येच आले होते की कापोसीचे काही रुग्ण ओळखीच्या चालीने जात नाहीत. ते वयाने तरुण होते, त्यांच्या गाठी पायापुरत्या न राहता लसिका ग्रंथींत, तोंडात, फुफ्फुसांत पसरत होत्या, आणि काही महिन्यांत ते जात होते. रोगाचे नाव जुनेच होते, पण वागणे वेगळे होते.

हा बदल कशाने झाला याचे उत्तर १९९४ मध्ये मिळाले. युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी कापोसीच्या गाठीत नागीण विषाणूच्या कुळातला एक नवा विषाणू शोधला. तो मध्य व पूर्व आफ्रिकेत एचआयव्हीच्या कितीतरी आधीपासून आहे आणि तेथे मुख्यतः लाळेवाटे, बालपणातच, आईकडून किंवा भावंडांकडून मुलाला मिळतो. धडधाकट प्रतिकारशक्ती त्याला आयुष्यभर कह्यात ठेवते आणि लाखांत काही थोड्यांनाच त्याची गाठ होते. एचआयव्हीने ही पहारेकरी यंत्रणा मोडली. ज्या पेशींची संख्या सीडी-फोर या नावाने आज प्रत्येक एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रात, मोजली जाते त्या पेशी घटल्या, आणि आधीपासून घरात असलेला पाहुणा घराचा मालक झाला. एचआयव्हीची स्वतःची काही प्रथिने या कामी हातभार लावतात असे प्रयोगशाळेत दिसते हे मान्य. पण कापोसीच्या गाठीमागे मूळ विषाणू दुसराच आहे, आणि हा फरक शब्दच्छलाचा नाही.

याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. एचआयव्हीबाधितांची संख्या देशात सर्वाधिक आहे ती महाराष्ट्रात. १९९० च्या दशकात सोलापूर-सांगली पट्ट्यातील वॉर्डांत क्षयाने खंगलेले, तोंडात बुरशी आलेले एचआयव्हीबाधित आम्ही रोज पाहत होतो. असे असूनही माझ्या संपूर्ण कारकिर्दीत कापोसी सार्कोमाच्या स्लाइड माझ्या हाताखालून दोनच गेल्या, आणि त्यातली एक पाहण्यासाठी शेजारच्या जिल्ह्यातून विद्यार्थी आले होते. भारतीय लोकसंख्येत तो नागीणकुळातला विषाणूच विरळा आहे, म्हणून एचआयव्ही आला तरी कापोसीची लाट आली नाही. दुसरा पुरावा मूत्रपिंडरोपण झालेल्या रुग्णांचा. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एचआयव्हीबाधित आणि अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे यांच्यातील कर्करोगांची तुलना केली. दोन्ही गटांच्या जीवनपद्धतीत काहीही साम्य नसताना दोन्हींत वाढलेले कर्करोग जवळजवळ तेच निघाले, आणि ते बहुतांशी संसर्गातून उद्भवणारे होते. स्तन आणि प्रोस्टेट यांचे कर्करोग दोन्ही गटांत वाढलेले नव्हते.

म्हणून 'आफ्रिकेत कर्करोग वाढला' असे सरसकट न लिहिता कोणता वाढला हे सांगावे लागते. एड्सशी थेट जोडलेले तीन कर्करोग मानले जातात: कापोसी सार्कोमा, नॉन-हॉजकिन लिंफोमा आणि गर्भाशयमुखाचा पसरलेला कर्करोग. आफ्रिकेच्या विषुववृत्तीय भागात चौथा जोडला पाहिजे, तो म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाचा कर्करोग. बुबुळाच्या कडेला एखादा पांढुरका ठिपका, वेलासारखी वाढ, असा तो सुरू होतो. कंपालाच्या नेत्रतज्ज्ञांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची संख्या कित्येक पटींनी वाढल्याचे दाखवले. तेथे ऊन आधीच प्रखर होते आणि त्यात प्रतिकारशक्ती ढासळली. लवकर काढला तर डोळा वाचतो. युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांत या रोगाला जेमतेम परिच्छेद मिळतो. अन्ननलिकेचा कर्करोग याच्या उलट आहे. इथिओपियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या पट्ट्यात तो फार आढळतो, परंतु त्याचे खापर एचआयव्हीवर फोडण्याला आधार नाही. बर्किटच्या लिंफोमाला एचआयव्हीशी जोडणारे लेखातले विधानही घाईचे आहे. आफ्रिकी मुलांतील या गाठीमागे हिवताप आणि एपस्टाइन-बार विषाणू यांची जोडी आहे, आणि तिचा एचआयव्हीशी संबंध कापोसीइतका ठसठशीत नाही.

आता टक्केवारीबद्दल. एखाद्या गावात पूर्वी शंभर कर्करोगी निघत आणि त्यातले दहा यकृताचे असत. कापोसीचे शंभर नवे रुग्ण त्यात मिळाले की एकूण दोनशे होतात, आणि यकृताचे दहाच राहूनही त्यांचा वाटा पाच टक्क्यांवर येतो. यकृताचा कर्करोग निम्म्याने घटला असे कोणी लिहिले तर ते हास्यास्पद ठरेल, पण आपल्या चौकटीत नेमके तसेच घडले आहे. नोंदणीशास्त्रात म्हणूनच दर लाख लोकसंख्येमागे, वयानुसार प्रमाणित केलेला दर पाहतात. वयाचा मुद्दा येथे फार महत्त्वाचा आहे. आफ्रिकी देशांची लोकसंख्या तरुण आहे, आणि औषधे येण्यापूर्वी एड्सने तिशी-पस्तिशीतच माणसे नेली, त्यामुळे साठीत होणाऱ्या कर्करोगांपर्यंत ती पोहोचलीच नाहीत. त्यात नोंदणीच्या स्वतःच्या खोडी असतात. दक्षिण आफ्रिकेची राष्ट्रीय नोंदणी दीर्घकाळ प्रयोगशाळेच्या अहवालांवर चालली. कापोसीचे निदान मात्र अनेकदा नुसत्या डोळ्यांनी, बायोप्सी न करता होते, आणि असा रुग्ण त्या वहीत येतच नाही. शिवाय बहुतेक नोंदण्यांत रुग्णाला एचआयव्ही आहे की नाही हा रकानाच रिकामा असतो.

सगळ्यात मोठी उणीव मला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत जाणवली. लेखात त्याला दोन ओळी मिळाल्या आहेत. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला हा कर्करोग होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या सुमारे सहा पट असते. २०१८ च्या आकड्यांवर आधारलेल्या जागतिक विश्लेषणानुसार आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील देशांत या कर्करोगाच्या दर शंभर स्त्रियांपैकी साठांहून अधिक एचआयव्हीबाधित होत्या, तर पूर्व आफ्रिकेत हे प्रमाण चतुर्थांशाच्या थोडे वर होते. इस्वातिनी, म्हणजे पूर्वीचे स्वाझीलँड, येथे प्रौढांपैकी सुमारे चतुर्थांश एचआयव्हीबाधित आहेत आणि तेथील या कर्करोगाचा दर लाख स्त्रियांमागे ऐंशीच्या वर जातो. भारताचा दर अठराच्या आसपास आहे. कारण येथेही तेच आहे. मूळ दोषी एचपीव्ही हा विषाणू, जो जगभर आहे. निरोगी स्त्रीचे शरीर बहुधा वर्ष-दोन वर्षांत त्याला हाकलून देते, आणि तो टिकलाच तर कर्करोगापर्यंतचा प्रवास पंधरा-वीस वर्षांचा असतो. उपचार न मिळालेल्या एचआयव्हीबाधित स्त्रीत तोच प्रवास पाच ते दहा वर्षांत पुरा होऊ शकतो.

एआरटीची औषधे आल्यावर कापोसी मागे हटला. झिंबाब्वेतील हरारे आणि कंपाला या दोन्ही नोंदण्यांत त्याचा दर उतरताना दिसतो, जरी मलावी, मोझांबिक यांसारख्या देशांत तो अजूनही पुरुषांच्या प्रमुख कर्करोगांत आहे. या औषधांच्या कहाणीत मुंबईचा वाटा मोठा आहे. वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर किंमत असलेली तीन औषधांची जोडणी सिप्लाने २००१ मध्ये वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, आणि आफ्रिकेतील सरकारांना सर्वांना उपचार देण्याचा विचार तरी करता येऊ लागला. पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने कापोसीसारखी माघार घेतली नाही. प्रतिकारशक्ती सावरली तरी मधल्या काळात पेशींत झालेले बदल आपोआप पुसले जात नाहीत. दुसरे कारण जरा क्रूर आहे. पूर्वी जी स्त्री पस्तिसाव्या वर्षी क्षयाने गेली असती ती आता औषधांवर जगते आणि पंचेचाळिसाव्या वर्षी रक्तस्राव होतो म्हणून दवाखान्यात येते.

याच ठिकाणी एचआयव्हीची साथ आणि कर्करोगप्रतिबंध यांची गाठ पडते, आणि लेखात नसलेली महत्त्वाची बाजू हीच आहे. ही स्त्री दर महिन्या-दोन महिन्यांनी गोळ्या घ्यायला केंद्रात येतच असते. झांबियात २००६ मध्ये ग्रोसबेक पारम आणि मुलिंदी म्वानाहामुंटू या डॉक्टरांनी लुसाकाच्या एचआयव्ही दवाखान्यांना जोडून गर्भाशयमुखाची तपासणी सुरू केली. डॉक्टर पुरेसे नव्हते, म्हणून परिचारिकांना तयार केले. परिचारिका गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरातले व्हिनेगर, लावते; दोषी पेशी पांढऱ्या पडतात; साध्या डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढून तो त्या स्त्रीलाही दाखवला जातो, शंका असेल तर दूरच्या तज्ज्ञालाही; आणि शक्य असेल तर त्याच भेटीत गोठवून उपचार केला जातो. पुढच्या तारखेला बोलावलेली बाई परत येईलच याची खात्री लुसाकात नाही, जशी ती अक्कलकोटातही नाही, आणि 'त्याच भेटीत' या दोन शब्दांत या पद्धतीचे सारे यश आहे. हे दवाखाने पुढे सर्वच स्त्रियांसाठी खुले झाले.

या कामामागच्या पुराव्याचा एक भाग आपल्या धाराशिव जिल्ह्यातून गेला आहे, हे आपल्या वाचकांना कळावे असे मला फार वाटते. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांत तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख तीस हजारांहून अधिक स्त्रियांवर बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे त्यात दिसले. ती चाचणी एचआयव्हीबाधितांवर नव्हती. परंतु एचपीव्ही तपासणीला प्राधान्य देण्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा आजचा सल्ला ज्या पुराव्यावर उभा आहे त्यात बार्शीच्या परिसरातील या बायका आहेत. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एचआयव्हीबाधित स्त्रीची ही तपासणी पंचविसाव्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी व्हावी. इतरांची तिसाव्या वर्षापासून, अधिक अंतराने. एचपीव्हीच्या लसीबाबत रवांडाने तर सर्वांना मागे टाकले. २०११ मध्येच त्यांनी शाळांतून राष्ट्रीय लसीकरण सुरू केले आणि ठरलेल्या वयोगटातील नव्वद टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत ते पोहोचले. एवढा लहान, इतका होरपळलेला देश हे करू शकला, याची आठवण आपल्या धोरणकर्त्यांना कोणीतरी वरचेवर करून द्यावी.

उपचारांची स्थिती मात्र अशी नाही. युगांडात संपूर्ण देशासाठी मुलागो येथे रेडिओथेरपीचे एकच यंत्र होते, १९९५ मध्ये घेतलेले. ते २०१६ मध्ये कायमचे बंद पडले आणि नवे सुरू होण्यास दीड वर्षाहून अधिक काळ गेला. गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढच्या टप्प्यात सापडला तर रेडिओथेरपीवाचून दुसरा भरवशाचा उपाय नसतो. कापोसीबाबत आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत झालेल्या एका चाचणीने २०२० मध्ये दाखवले की एआरटीबरोबर पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचे औषध दिल्यास तेथे रुळलेल्या जुन्या औषधांपेक्षा निकाल चांगले येतात. पण हे औषध शिरेवाटे द्यावे लागते, त्यासाठी खाट, परिचारिका आणि देखरेख लागते. आणि एआरटी केंद्रांना जोडलेल्या तपासण्यांचा मोठा भार परदेशी मदतीवर असल्यामुळे, अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये ही मदत रोखली तेव्हा गोळ्यांबरोबर या तपासण्यांवरही टांगती तलवार आली.

आपल्या पुढील अंकात कृपया दोन दुरुस्त्या छापाव्यात. चौकटीतील 'प्रमाण' या शीर्षकाखालचे आकडे एकूण कर्करोगांतील वाटा आहेत, दर लाख लोकसंख्येमागील दर नाहीत, असा स्पष्ट खुलासा करावा. आणि 'एचआयव्हीमुळे होणारा स्तनाचा कर्करोग' हे उपशीर्षक मागे घ्यावे. कंपालात स्तनाचा कर्करोग गेल्या काही दशकांत वाढला आहे हे खरे, परंतु त्याची कारणे उशिरा होणारी बाळंतपणे, घटलेली मुलांची संख्या, शहरी राहणी अशी, पुण्या-मुंबईत सांगितली जातात तशीच आहेत. जागा असल्यास धाराशिवच्या त्या चाचणीवर स्वतंत्र लेख यावा. तिच्यात भाग घेतलेल्या बायकांपैकी अनेकजणी आज साठी-सत्तरीत आहेत आणि आपले नाव कोठवर पोहोचले याची त्यांना बहुधा कल्पना नसेल.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त विकृतिशास्त्र प्राध्यापक, सोलापूर